नेत्रिका : ग्रहनिरीक्षणासाठी निवड

लांब केंद्रांतराच्या दुर्बिणीत ग्रह पाहताना विवर्धन, भिंगरचना आणि डोळ्याची सोय यांचा विचार करून नेत्रिका निवडतात. वस्तुभिंगाच्या केंद्रांतराला नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागले की विवर्धन मिळते. १०० मिमी व्यासाच्या, १,५०० मिमी केंद्रांतराच्या (एफ/१५) भिंगाच्या दुर्बिणीत १० मिमीची नेत्रिका १५० पट विवर्धन देते. व्यासाच्या मिलिमीटरमागे दुप्पट ही साधारण वरची मर्यादा. म्हणजे येथे २०० पट, नेत्रिका ७.५ मिमीची. त्यापलीकडे प्रतिमा मोठी होते, पण तपशील वाढत नाही. गुरूचे फिकट पट्टे तर कमी विवर्धनातच अधिक स्पष्ट दिसतात. मंगळाला थोडे जास्त विवर्धन मानवते. हवा अस्थिर असेल त्या रात्री १२ मिमीची नेत्रिकाच उपयोगी पडते.

अशा दुर्बिणीतून येणारा प्रकाशशंकू अरुंद असल्याने साध्या रचनाही उत्तम काम देतात, हा तिचा मोठा गुण आहे. चार भिंगांची प्लॉस्ल (१८६०) व आबेची ऑर्थोस्कोपिक (१८८०) या ग्रहांसाठी विशेष पसंत केल्या जातात. भिंगे थोडी असल्याने त्यांत विखुरलेला प्रकाश कमी असतो. मात्र ५–६ मिमीच्या अशा नेत्रिकेत पापणी काचेला टेकते आणि तिचा तेलकट डाग शनीच्या कड्यांतील कॅसिनी फट पुसट करतो. त्यापेक्षा १५ मिमीच्या नेत्रिकेला विवर्धन दुप्पट करणारे बार्लो भिंग जोडणे सोयीचे. मोटर नसलेल्या दुर्बिणीत १५० पटीला ४० अंशांच्या दृश्यक्षेत्रातून ग्रह सुमारे एका मिनिटात निसटतो. तेथे रुंद क्षेत्राची नेत्रिका घ्यावी.