जुनी यूट, नवा गिअरबॉक्स : ऑस्ट्रेलियातील वापरकर्त्यांचा तंत्रेतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोधकर्ता, कारखाना आणि पहिले उत्पादन यांपाशी थांबतो. यंत्र विकले गेल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे त्याचे काय होते, हा प्रश्न मागे पडतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. शोधाइतकेच वापर, देखभाल आणि दुरुस्ती यांनाही इतिहासात स्थान हवे, अशी त्यांची भूमिका आहे. जुन्या चारचाकी-चालनाच्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीत अधिक दणकट गिअरबॉक्स बसवणे या एका कामाच्या आधारे प्रस्तुत पाठात आपण ही भूमिका तपासू.

यूट आणि लँड रोव्हर

पुढे मोटारीसारखी केबिन आणि मागे उघडा हौदा अशा गाडीला ऑस्ट्रेलियात ‘यूट’ म्हणतात. फोर्ड कंपनीच्या जिलाँग येथील कारखान्यात ल्यू बँट यांनी आखलेली यूट १९३४ मध्ये बाजारात आली. ती रस्त्यावर चालणारी गाडी होती. चिखल, वाळू आणि डोंगरउतार यांसाठी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी लागणार होती.

१९४८ मध्ये ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने लँड रोव्हर सादर केली. युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात सर्वच भाग नव्याने घडवणे परवडणारे नव्हते. म्हणून १.६ लिटरचे इंजिन आणि चार गतींचा गिअरबॉक्स हे दोन्ही कंपनीच्या मोटारींतूनच घेतले गेले. गिअरबॉक्सला मागे ट्रान्सफर केस जोडून पुढच्या आसालाही शक्ती पोहोचवली. त्या लहान इंजिनाला हा गिअरबॉक्स पुरेसा होता. पुढे इंजिने मोठी होत गेली, पण गिअरबॉक्सची मूळ घडण बराच काळ टिकून राहिली. चारही गतींना सिंक्रोमेश मिळायला १९७१ साल उजाडले.

ऑस्ट्रेलियात १९४९ मध्ये सुरू झालेल्या स्नोई माउंटन्स जलविद्युत प्रकल्पावर अशा गाड्यांचा मोठा वापर झाला. दूरच्या पशुपालन केंद्रांवरही त्या पोहोचल्या. तेथे ओझे जड, अंतरे लांब आणि सुट्या भागांचे दुकान शेकडो किलोमीटर दूर होते.

कमकुवत दुवा कसा सरकतो?

अनेक मालकांनी लँड रोव्हरमध्ये होल्डन मोटारीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले. होल्डन ही त्या काळी देशात सर्वाधिक खपणारी मोटार असल्याने तिची इंजिने आणि सुटे भाग गावोगावी मिळत. १९६३ पासून आलेल्या नव्या मालिकेत २.९ लिटरचे इंजिनही होते. अडॅप्टर प्लेटच्या साहाय्याने ते लँड रोव्हरच्या बेलहाउसिंगला जोडता येई. मात्र गाडीची ताकद वाढली तसा गिअरबॉक्सवरील ताणही वाढला.

हे एका साध्या हिशेबाने समजते. इंजिनाचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे प्रमाण ३:१ असेल, तर घर्षण वगळता गिअरबॉक्समधून ३०० न्यूटन-मीटर टॉर्क बाहेर पडतो. इंजिनाचा टॉर्क २०० झाला की तो ६०० होतो. दात्यांवरील दाब त्याच पटीत वाढतो, शाफ्ट एकमेकांपासून दूर ढकलले जातात, बेअरिंग झिजतात आणि अखेर दाते तुटतात. गिअरबॉक्स दणकट केला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण तोच टॉर्क पुढे आसापर्यंत जातो. जुन्या लँड रोव्हरचे मागील अर्धआस (हाफ शाफ्ट) तुटण्याबद्दल प्रसिद्धच होते. म्हणजे एक दुवा बळकट केला की ताण पुढच्या दुव्यावर येतो. अनुभवी कारागीर म्हणूनच एका भागाचा विचार सुटा करत नाही.

कारखान्याची उत्तरे

१९७० मध्ये आलेल्या रेंज रोव्हरच्या व्ही-८ इंजिनासाठी ‘एलटी ९५’ हा दणकट गिअरबॉक्स तयार झाला. ट्रान्सफर केस त्याच्याच कवचात होती आणि चारही चाकांना कायम शक्ती मिळे. १९७९ च्या ‘स्टेज वन’ लँड रोव्हरमध्ये तो व्ही-८ इंजिनासह आला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात त्याला इसुझूच्या ३.९ लिटर डिझेल इंजिनाची जोड मिळाली. ऑस्ट्रेलियन लष्कराची ‘पेरेंटी’ गाडीही याच जोडीवर उभी राहिली.

जुन्या गाडीत एलटी ९५ बसवणाऱ्याला मात्र नवी अडचण येई. जुन्या पुढच्या आसाला साधे हूक सांधे असत. चाके वळलेली असताना असा सांधा एकसारख्या वेगाने फिरत नाही. त्यामुळे पुढच्या चाकांना कायम शक्ती दिली, तर स्टिअरिंगला हिसके बसतात. स्टेज वनमध्ये कारखान्याने म्हणूनच समवेग (सीव्ही) सांधे दिले होते.

टोयोटा लँड क्रूझर यूटची गोष्ट थोडी वेगळी आहे. स्नोई प्रकल्पासाठी थीस बंधूंच्या बांधकाम कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस लँड क्रूझर ऑस्ट्रेलियात आणल्या. पुढे ४० मालिकेच्या चार गतींच्या गाड्यांमध्ये नंतरचा ‘एच ५५ एफ’ हा पाच गतींचा गिअरबॉक्स बसवण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही गिअरबॉक्स एकाच कुळातले असल्याने जोडणी तुलनेने सोपी होती. पाचव्या गिअरचे प्रमाण १ पेक्षा कमी असल्याने महामार्गावर इंजिन संथ फिरते. मात्र नवा गिअरबॉक्स लांब असल्याने ट्रान्सफर केस मागे सरकते. परिणामी मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड आणि पुढचा लांब करावा लागतो.

कायदा आणि पुरावा

असे बदल आज केवळ मालकाच्या मर्जीवर होत नाहीत. ऑस्ट्रेलियात ‘व्हीएसबी १४’ ही हलक्या वाहनांतील बदलांसाठीची राष्ट्रीय आचारसंहिता आहे आणि तिच्यात गिअरबॉक्स-बदलाचाही विचार केलेला आहे. गॅरेजमधील ज्ञान अशा रीतीने नियमांच्या भाषेत उतरते आणि कागदोपत्री नोंदले जाते.

इतिहासकाराला येथे कंपनीच्या उत्पादन-आकड्यांपेक्षा वेगळी साधने लागतात : सुट्या भागांच्या सूची, अडॅप्टरच्या जाहिराती, नोंदणीची कागदपत्रे आणि प्रत्यक्ष गाडी. गाडी हे साधन सर्वांत नाजूक आहे. जुनी यूट ‘कारखान्यातून निघाली तशी’ करण्याच्या हौसेत नंतरचा गिअरबॉक्स, कापलेला आडवा दांडा आणि हाताने मारलेले वेल्डिंग काढून टाकले जाते. गाडी चकचकीत दिसते, पण ती चाळीस वर्षे कोणी, कोणत्या कामासाठी चालवली याचा पुरावा नष्ट होतो. जीर्णोद्धार करणाऱ्याने निदान काढलेल्या भागांची छायाचित्रे आणि मोजमापे जपावीत, अशी अपेक्षा त्यामुळे रास्त ठरते.

विचारासाठी प्रश्न

१. इंजिन बदलल्यावर गिअरबॉक्स आणि आस यांवर होणारा परिणाम उदाहरणासह स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एखादी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा पाण्याचा पंप पाहा. त्यातील कोणते भाग मूळचे आहेत, कोणते बदलले आणि का, याची नोंद मालक व मिस्त्री यांना विचारून तयार करा.