हुक्का, चिलीम, बिडी आणि खर्रा : माझ्या कपाटातला इतिहास

"तुमच्या त्या चिलमींबद्दल लिहा," असं स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मी जरा कचरलोच. आपल्या सोसायटीत बहुतेकांना माझं ते काचेचं कपाट ठाऊक आहे. गणपतीच्या दिवसांत मुलं ते पाहायला येतात आणि त्यांच्या आया दारातूनच विचारतात, "काकाजी, तुम्ही ओढता का जी?" तर आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यात तंबाखूला हात लावला तो फक्त ती खरवडून काढण्यासाठी.

सुरुवात आजोबांच्या चिलमीपासून झाली. आरमोरीकडचं आमचं गावातलं घर विकलं, तेव्हा भांडीकुंडी वाटली गेली. ही मातीची चिलीम मात्र कोणालाच नको होती, म्हणून मी खिशात घातली. चिलीम म्हणजे साधं नरसाळं. आत गळ्याशी एक खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू तोंडात येत नाही. वर निखारा ठेवायचा आणि खालच्या टोकाला ओली साफी गुंडाळून ओढायचं. आजोबांच्या चंचीत गारगोटी आणि चकमकीचं पोलादही असायचं. पन्नास वर्षांचा काट आत बसला होता. मी साबणाने धुवायला निघालो, तर एका म्हाताऱ्या कुंभाराने हात धरला. "माती साबण पिते बापू, तिले निखाऱ्यात टाक." निखाऱ्यात ठेवली, काट जळून गेला आणि चिलीम पुन्हा विटकरी रंगाची झाली.

दुसरी वस्तू राजुऱ्याहून आली. वर्धा नदीपलीकडचा हा तालुका 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे तिकडच्या जुन्या घरांत निजामी वस्तू अजून सापडतात. मला मिळालं ते हुक्क्याचं पाण्याचं भांडं, बिदरी कामाचं. इथे माझी मोठी चूक झाली. पितळ समजून मी ते चिंच-मिठाने घासलं आणि बघता बघता त्याचा काळा रंग उतरला. नंतर कळलं, बिदरी म्हणजे जस्तात थोडं तांबं मिसळून केलेला धातू. त्यात चांदीची नक्षी ठोकून बसवतात आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या गरम पाण्याने तो काळा करतात. जस्त काळं पडतं, चांदी पांढरीच राहते. सारं सौंदर्य त्या काळ्यात असतं आणि तेच मी धुऊन टाकलं. ते भांडं आजही करडंच आहे. तेव्हापासून कोणतीही वस्तू हातात आली की मी आधी आठ दिवस नुसती बघतो.

तिसरा बल्लारपूरच्या कबाड्याकडचा साहेबी पाईप. त्याचं लाकूड म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर झुडपाच्या मुळावरची गाठ. ती सहजी जळत नाही, म्हणून पाईपला चालते. आत जाडं मीठ भरून त्यावर स्पिरिट टाकलं आणि रात्रभर ठेवलं, तर सकाळी मीठ तपकिरी झालेलं. जुना काट मिठाने ओढून घेतला. तोंडात धरायची काळी नळी गंधक घातलेल्या रबराची असते. उन्हाने ती हिरवट-पिवळी पडते. बारीक पॉलिश पेपरने ती हळूहळू काळी करावी लागली.

या वस्तू ओळीने मांडल्या तेव्हा मला त्यांतला इतिहास दिसला. तंबाखू आपली नव्हेच, पोर्तुगिजांनी ती आणली. 1604-05 च्या सुमारास असद बेग याने विजापूरहून ती नेऊन अकबरापुढे रत्नजडित नळीसह ठेवली. दरबारी हकीम नको म्हणत होते, तरी बादशहाने दोन-चार झुरके घेतलेच. 1617 मध्ये जहांगिराने बंदी घातली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. हुक्का बैठकीत राहिला, त्याला नोकर लागायचा. चिलीम पारावर आली, ती चौघांत फिरायची. मग बिडी आली. तिचं पान आपल्याच जंगलातलं. तेंदूचं पान गुंडाळताना फाटत नाही आणि सावकाश जळतं. एप्रिल-मे महिन्यांत भर उन्हात सत्तर पानांचं एकेक पुडकं बांधून गडचिरोली-चंद्रपुरातली कितीतरी घरं वर्षाचा खर्च काढतात, हेही विसरून चालणार नाही. पण बिडी खिशात मावते, ती ओढायला चौघे लागत नाहीत. आणि आता खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून घ्यायचा आणि गालात ठेवायचा. निखारा नाही, धूर नाही, घरच्यांना पत्ताही नाही.

दर पिढीला तंबाखू लहान होत गेली आणि एकट्याची होत गेली. आजोबा चिलीम पेटवायचे तर आजीला अंगणातून दिसायचं. ती ओरडायची आणि ते विझवायचे. निदान ओरडायला जागा होती.

माझ्या थोरल्या भावाचा खर्रा मात्र आम्हाला कोणाला दिसला नाही. दादा दिवसाला सात-आठ खायचा. पुढे त्याचं तोंड दोन बोटांएवढंच उघडू लागलं. वहिनी भात कालवून चमच्याने भरवायची. ऑपरेशनात अर्धा जबडा गेला आणि पुढल्या वर्षी दादा गेला. मी तेव्हा पाईपांच्या नळ्या घासत बसायचो. शंभर वर्षांचा काट काढणाऱ्याला घरातल्या माणसाचा दिसला नाही, ही टोचणी अजून आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' अभियान चालतं, गावंच्या गावं ठराव करतात. ठराव आपणही करतो. जिन्याच्या कोपऱ्यातल्या लाल पिचकाऱ्यांचा विषय दर सर्वसाधारण सभेत निघतो, रंगाचा खर्च मंजूर होतो आणि सभा संपते. ती पिचकारी कोणाची, त्याचं तोंड किती उघडतं, हे आपण विचारत नाही. पंचवीस वर्षांच्या शेजाराला एवढं विचारायचा हक्क आहे, असं मला वाटतं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या वस्तू किती मायेने जपल्यात, ते पाहून मी हे कपाट करून घेतलं होतं. आता त्याच्या शेवटच्या खणात दादाच्या शर्टाच्या खिशात सापडलेली खर्र्याची पन्नी ठेवली आहे. मुलं विचारतात, "काकाजी, हे तर आजचं आहे, जुनं कुठंय?" मी म्हणतो, "बाबू, हे लवकर जुनं व्हावं म्हणूनच ठेवलंय."