टॅबलेटची किल्ली कोणाकडे?

अनेक शाळांच्या कपाटात आज एखादा तरी जुना टॅबलेट पडून असतो. काच फुटलेली नसते, बॅटरी अजून तास-दोन तास तग धरते, चार्जर लावला की पडदा उजळतो. तरीही त्याचा उपयोग होत नाही. नवे अ‍ॅप घ्यावे तर ते या उपकरणावर चालणार नाही, असा संदेश येतो. संकेतस्थळ उघडावे तर सुरक्षिततेचा इशारा येतो. यंत्र मोडलेले नाही, मग बिघडले आहे तरी काय?

मेजावरच्या जुन्या संगणकाची अशी गत झाली तर उपाय आपल्या ओळखीचा आहे. लिनक्सवर आधारित एखादी हलकी कार्यप्रणाली त्यावर घालायची आणि तो आणखी काही वर्षे वापरायचा. टॅबलेटच्या बाबतीत मात्र हेच काम क्वचित जमते, बहुधा जमत नाही. असे का? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या इतिहासात आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे.

लिनक्स आधीच आत आहे

कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. चिप, स्मृती, पडदा, बटणे यांच्याकडून काम करून घेणारा हा कारभारी. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये असा एक कर्नल लिहीत असल्याचे जाहीर केले. तोच लिनक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची बरीच साधने तोवर तयार होती, पण कर्नल नव्हता. १९९२ साली लिनक्सने ग्नू प्रकल्पाचाच परवाना स्वीकारला. या परवान्याचे सार असे की, हा कार्यक्रम कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा. मात्र तो वाटणाऱ्याने त्याची मूळ लिखित संहिताही मागणाऱ्याला दिली पाहिजे.

गंमत अशी की, २००८ साली फोनमध्ये अवतरलेल्या अँड्रॉइडच्या पोटातही हाच कर्नल आहे. आपल्या टॅबलेटच्या सेटिंगमध्ये उपकरणाविषयीची माहिती उघडा, तेथे ‘कर्नल आवृत्ती’ अशी ओळ सापडेल. ती लिनक्सचीच आवृत्ती. म्हणजे टॅबलेटवर लिनक्स नाही, असे नाही. आत असलेला लिनक्स जुना झाला आहे आणि तो बदलण्याची सोय आपल्याकडे नाही, ही खरी अडचण आहे.

लोहगडाचे चार दरवाजे

ही अडचण समजण्यासाठी मावळातल्या लोहगडाचा आधार घेऊ. लोहगडवाडीतून पायऱ्या चढू लागलो की क्रमाने चार दरवाजे लागतात : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. एक ओलांडल्याशिवाय पुढच्यापाशी पोहोचता येत नाही.

टॅबलेट सुरू होतो तेव्हाही असेच चार टप्पे असतात. पहिला टप्पा चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला छोटा कार्यक्रम. तो कोणालाही बदलता येत नाही. त्याचे काम एवढेच, की दुसरा कार्यक्रम कोठे आहे ते शोधून त्याला हाक मारायची. हा दुसराही लहानच, काही किलोबाइटचा. तो मुख्य स्मृती जागी करतो. तिसरा कार्यक्रम थोडा मोठा असतो. तो कर्नल शोधून स्मृतीत आणून ठेवतो. चौथा दरवाजा खुद्द कर्नलचा. तो उघडला की पुढचा सारा कारभार कार्यप्रणालीच्या हाती जातो.

आता कल्पना करा, की प्रत्येक दरवाजावरच्या पहारेकऱ्याला हुकूम आहे : पुढच्याच्या कागदावर आमची मुद्रा असेल तरच त्याला आत सोड. ही मुद्रा म्हणजे कंपनीने गुप्त किल्लीने केलेली सांकेतिक सही. अशा टॅबलेटवर आपण कितीही उत्तम कार्यप्रणाली आणली तरी ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दरवाजावरच अडते. यालाच बूटलोडर कुलूपबंद असणे म्हणतात. या तपासणीमुळे चोरून घुसवलेला घातक कार्यक्रम अडतो, हा तिचा फायदा खरा. प्रश्न एवढाच, की मुद्रेची किल्ली कोणाकडे असावी?

हा वाद जगभर २००७ च्या सुमारास गाजला. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम साठवणारे टिवो नावाचे एक यंत्र अमेरिकेत होते. त्यात लिनक्स होते. कंपनी परवान्याप्रमाणे संहिता देत असे, पण कोणी ती बदलून परत यंत्रात घातली तर यंत्र ती चालवत नसे. संहिता हातात, किल्ली मात्र कंपनीच्या खिशात! जून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्नू परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत घरगुती वापराच्या यंत्रांसाठी अशी किल्लीही देण्याची अट आली. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. आजच्या बहुतेक टॅबलेटांची कुलपे याच फटीतून आली आहेत.

घाटाखालचे खैराट

त्याच २००७ साली एक वेगळा प्रयोग मावळाच्या शेजारी, बोरघाट उतरल्यावर लागणाऱ्या कर्जत तालुक्यात सुरू झाला. निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाची ही भारतातली पहिली शाळा, खैराट येथील. शाळा लहान, मुले वीस-बावीस. केंद्र सरकारने आदल्याच वर्षी हा प्रकल्प घेण्यास नकार दिला होता, त्यामुळे खैराटकडे अनेकांचे लक्ष होते.

मुलांना मिळालेल्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचे नाव एक्सओ. स्मृती अवघी २५६ मेगाबाइट, साठवण एक गिगाबाइट. पडदा फिरवून मिटला की ते पाटीसारखे हातात धरून वाचता येई. कार्यप्रणाली लिनक्सची, आणि तिच्यावर मुलांसाठी मुद्दाम रचलेले ‘शुगर’ हे रूप. शंभर डॉलरचा लॅपटॉप अशी त्याची ख्याती झाली, प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीकडे गेली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चोरीला आळा बसावा म्हणून या यंत्रांनाही कुलूप होते. परंतु यंत्र वापरणाऱ्याने मागितल्यास त्याला किल्ली देण्याची सोय संस्थेने ठेवली होती. म्हणजे कुलूप आणि मोकळीक एकत्र नांदू शकतात. त्यासाठी किल्ली मागण्याचा हक्क आधीच ठरवून ठेवावा लागतो.

पवईतले आकाश

पुढचा अध्याय ‘आकाश’चा. २२ जुलै २०१० रोजी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या शैक्षणिक टॅबलेटचा नमुना दाखवला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी आकाश अधिकृतपणे आला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झची चिप, २५६ मेगाबाइट स्मृती. पडद्यावर बोट दाबून टेकवावे लागे. यंत्र मंद होते आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली.

२०१२ साली प्रकल्पाची सूत्रे पवईच्या आय.आय.टी. मुंबईकडे आली. तेथे प्रा. दीपक फाटक आणि प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी त्यात पुढाकार घेतला. सुधारित आकाश-२ चे लोकार्पण ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी केले, आणि त्याच महिन्यात २८ तारखेला संयुक्त राष्ट्रसंघात महासचिव बान की-मून यांच्या उपस्थितीत ते जगाला दाखवले गेले. आता त्यात ऑलविनर या चिनी कंपनीची ए-१३ ही चिप, ५१२ मेगाबाइट स्मृती, चार गिगाबाइट साठवण आणि अँड्रॉइड ४.० होते. सरकारला एक नग सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता.

पवईकरांपुढचा प्रश्न शिक्षकाचा होता. अँड्रॉइडवर पुस्तक वाचता येते, चित्रफीत बघता येते, पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सी किंवा पायथन शिकायचे तर? सायलॅबमध्ये गणित सोडवायचे तर? पहिला उपाय त्यांनी असा काढला, की अँड्रॉइडच्या आतच एक छोटे लिनक्स घर बांधायचे. कर्नल तोच, पण त्याच्या आधारे ही साधने वेगळ्या खोलीत चालवायची. यातून सी, सी प्लस प्लस, पायथन आणि सायलॅब आकाशवर चालू लागले.

दुसरा उपाय अधिक मुळाशी जाणारा. ए-१३ चिपचा पहिला पहारेकरी उदार आहे. टॅबलेटमधल्या साठवणीकडे पाहण्याआधी तो मायक्रो एसडी कार्डाकडे पाहतो. कार्डावर आरंभीचे ८ किलोबाइट सोडून तेथे योग्य कार्यक्रम सापडला, तर मुद्रा न विचारता तोच चालवतो. या सोयीचा उपयोग करून तेथील तरुण अभियंत्यांनी कार्डावरून संपूर्ण लिनक्स सुरू करण्याची कृती तयार केली आणि ती सूचनांसह सर्वांसाठी खुली ठेवली. कार्ड घातले की लिनक्स, काढले की पुन्हा अँड्रॉइड. मूळ प्रणालीला धक्का लागत नाही, म्हणून शिकाऊ हातांसाठी ही रीत फार सोयीची होती.

हजेरीपट कोणाचा?

दरवाजे उघडले म्हणजे गड ताब्यात आला का? नाही. आतले हौद, कोठारे, वाटा ठाऊक हव्यात. मेजावरच्या संगणकात हे सोपे असते. कर्नलने हजेरी घेतली की बहुतेक भाग आपणहून ‘हजर’ म्हणतात आणि आपले नावही सांगतात. टॅबलेटच्या चिपमधले भाग असे बोलत नाहीत. स्पर्शपटल कोणत्या तारेवर आहे, पडद्याला वीज कोठून मिळते, हे आधीच लिहिलेल्या यादीतून कर्नलला सांगावे लागते. हजेरीपट तयार नसेल तर वर्ग भरलेला असूनही कर्नलला तो रिकामाच वाटतो.

हा हजेरीपट आणि प्रत्येक भाग चालवणारे कार्यक्रम कंपनीकडे असतात. कंपन्या बहुधा एका ठराविक कर्नलवर ते बसवतात आणि पुढच्या चिपकडे वळतात. आकाश-२ चा मूळ कर्नल ३.० या शाखेतला, म्हणजे २०११ चा. तो बदलायचा तर सगळे पुन्हा लिहायला हवे.

हे काम जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक लोकांनी मिळून केले. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या लिनक्स ३.८ मध्ये ए-१३ चा प्राथमिक आधार मूळ कर्नलमध्येच दाखल झाला. पण याच चिपमधील माली-४०० या चित्र रंगवणाऱ्या भागाच्या कार्यक्रमाचा मुख्य हिस्सा बंद होता. त्याची रचना बाहेरून अभ्यासून लिहिलेला खुला कार्यक्रम मूळ कर्नलमध्ये आला तो लिनक्स ५.२ बरोबर, जुलै २०१९ मध्ये. दरम्यान, डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने अँड्रॉइड ४.० साठी आपल्या सेवांची नवी आवृत्ती देणे थांबवत असल्याचे जाहीर केले होते. ज्या विद्यार्थ्यांसाठी आकाश होते ते तोवर पदवी घेऊन कधीच बाहेर पडले होते.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आकाशच्या काळात चर्चा झाली ती किमतीची : ३५ डॉलर की ४५? पण उपकरणाचे आयुष्य ठरवले ते दोन गोष्टींनी : दरवाजाची किल्ली आणि आतला हजेरीपट. पहिली मिळाली म्हणून पवईत काम सुरू होऊ शकले. दुसरा वेळेवर पूर्ण मिळाला नाही म्हणून फळ उशिरा आले.

शाळेने काय करावे?

कपाटातला टॅबलेट बाहेर काढण्यापूर्वी त्याची पाठ पाहा. फुगलेली बॅटरी असेल तर तो चार्ज करू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ठीक असेल तर त्याचे मॉडेल, चिप आणि कर्नल आवृत्ती टिपून घ्या. मग २०१७ साली सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएससारख्या प्रकल्पाच्या यादीत ते मॉडेल आहे का, ते शोधा. जुन्या उपकरणांना सुमारे दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हाच या प्रकल्पाचा हेतू आहे. यादीत काय चालते आणि काय नाही हेही दिलेले असते. वाय-फाय चालते पण आवाज नाही, असे असेल तरी वाचनासाठी तो टॅबलेट पुरेसा आहे. मॉडेल यादीत नसेल किंवा बूटलोडर उघडता येत नसेल, तर दुसऱ्याच मॉडेलसाठीची फाइल घालून पाहू नका. हजेरीपट चुकीचा असेल तर टॅबलेट सुरूच होणार नाही.

नवीन खरेदीच्या वेळी, देणगी म्हणून येणारे उपकरण असले तरी, पुरवठादाराला तीन प्रश्न लेखी विचारावेत. सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? बूटलोडर उघडण्याची अधिकृत सोय आहे का? या उपकरणाच्या कर्नलची संहिता कोठे मिळेल? यातली कर्नलची संहिता आपण मेहेरबानी म्हणून मागत नाही; १९९२ पासूनच्या परवान्यानुसार ती देणे वाटणाऱ्याला बंधनकारक आहे.

मुलांनाही यात घेता येईल. शाळेतल्या सर्व उपकरणांचा तक्ता त्यांच्याकडून करून घ्या : खरेदीचे वर्ष, कर्नल आवृत्ती, शेवटची सुधारणा कधी आली आणि आज उपकरण का वापरात नाही. किती उपकरणे मोडल्यामुळे थांबली आणि किती नुसती अडवल्यामुळे, हे मुले स्वतःच मोजतील.