बँटिंगसाहेबांचे पथ्य

फराळाचे ताट पुढे असताना पथ्याची गोष्ट काढणे शोभत नाही, हे मला कळते. पण आमच्या कळवणातही हल्ली भाकरी सोडून प्रथिनांच्या भुकटीवर भिस्त ठेवणारी तरुण मंडळी भेटू लागली आहेत. हे खूळ मात्र आजचे नाही, वाचकहो!

१८६२ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे गृहस्थ होते. वय ६६, उंची बेताची, वजन २०२ पौंड. धंदा अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा. राजघराण्याचे कामही त्यांच्याच घराण्याकडे. स्वारीला वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तोही पाठमोरा! कानाच्या तक्रारीसाठी ते डॉ. विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वींनी पॅरिसला क्लोद बर्नार यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बीअर व बटाटे बंद केले आणि मांस-मासळी चालू ठेवली. (द्राक्षाच्या मद्याला मनाई नव्हती, पथ्य टिकले त्यात याचाही वाटा असावा.) वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ मध्ये बँटिंगनी यावर पुस्तिका छापली, ती हातोहात खपली. स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही त्यांच्याच आडनावावरून आलेला शब्द आहे. ते स्वतः ८१ वर्षे जगले.

बँटिंग निदान चार वेळा जेवत तरी होते. पुढे अमेरिकेत जेवणच बंद करून जनावरांच्या कातड्यांपासून काढलेले पातळ प्रथिन पिण्याची टूम निघाली. १९७७ च्या सुमारास त्यापायी जवळजवळ साठ मृत्यूंची नोंद झाली. कित्येकांच्या हृदयाची लय बिघडली होती. त्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन हा आवश्यक घटक नव्हता, आणि बाकी सारी उपासमारच होती.

प्रथिनाने भूक लवकर भागते, हे खरे. पण पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो तो बराचसा शरीरातले पाणी गेल्यामुळे. निरोगी मूत्रपिंडाला जादा प्रथिन बाधते असे सिद्ध झालेले नाही. बिघडलेल्याला मात्र ते जड जाते, आणि मधुमेह्याचे मूत्रपिंड पुष्कळदा गुपचूप बिघडते. डबा फोडण्याआधी रक्त-लघवी तपासून घ्यावी ती एवढ्यासाठी.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसे धरले. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. आमच्या तालुक्याच्या आदिवासी पाड्यांवर नागलीच्या भाकरीबरोबर उडदाचे भुजे खातात. उडदात जे उणे असते ते नागली भरून काढते, आणि शंभर ग्रॅम कोरड्या उडदात सुमारे २४ ग्रॅम प्रथिन असते.