टोपली, शिपाईमामा आणि नातवाचा टॅब

बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम हा काय आजीबाईंनी लिहायचा विषय आहे का, असं काही नातलगांना नक्की वाटेल. वाटू दे! तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला की कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधायची खोड लागते आणि निवृत्तीनंतरही ती सुटत नाही. गेले दोन उन्हाळे मी सुट्टीत आलेल्या नातवाबरोबर टॅबवर हा खेळ खेळते आहे. मूळ शोधता शोधता माझा नेमही सुधारला, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट सुरू होते १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे तीस वर्षांचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, आत कवायतीला कंटाळलेली अठरा दांडगी पोरं! प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथना चौदा दिवसांची मुदत दिली. बंदिस्त जागेत खेळता येईल आणि कुणाचे हातपाय मोडणार नाहीत, असा खेळ शोधून काढा म्हणाले. दुसऱ्याच्या वर्गावर ऑफ पिरियडला गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला नेस्मिथची अवस्था कळेल.

नेस्मिथनी विचार केला तो असा. गोल समोर उभा असला की मुलं जीव खाऊन चेंडू मारतात, आणि तिथूनच धक्काबुक्की सुरू होते. मग गोलाचं तोंड आकाशाकडे केलं आणि तो डोक्याच्या वर टांगला तर? त्यांना कॅनडातल्या लहानपणीचा एक खेळ आठवला. मोठ्या दगडावर ठेवलेला लहान दगड लांबून नेम धरून पाडायचा. आपल्या लगोरीचा चुलतभाऊच म्हणा ना. त्यात जोरात मारलेला दगड हुकला की लांब जाई आणि तो आणायला पळावं लागे. अलगद, कमान करून टाकणारा पोरगा फायद्यात राही. औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात लगोरी खेळताना हाच अनुभव आम्हीही घेतला आहे, फक्त त्यातून आम्हाला नवा खेळ सुचला नाही!

नेस्मिथनी शाळेच्या शिपाईमामांकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच या फळाच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा योगायोगाने दहा फुटांवर होता, आणि आज जगभर बास्केट दहा फुटांवरच असते. पहिल्या सामन्यात दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू होते आणि अख्ख्या सामन्यात बास्केट झाली एकच. शिपाईमामांकडे खोकी असती तर खेळाचं नाव काय पडलं असतं कोण जाणे.

वायएमसीएबरोबरच हा खेळ भारतात आला. आपल्या महाराष्ट्रात त्याचं नाव निघालं की मुंबईचं नागपाडा आठवतं. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने तिथे 'नागपाडा नेबरहूड हाऊस' ही समाजसेवेची संस्था उभी केली. तिचे संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये याच इमारतीत सुरू झाली. अशा दाटीवाटीच्या वस्तीत मोठं मैदान कुठून आणणार? बास्केटबॉलला मात्र लहानशी जागा पुरते. याच नागपाड्यातून अब्बास मुंतासिर पुढे आले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

आता पडद्यावरचा इतिहास. १९७४ मध्ये जपानच्या तैतो कंपनीने 'बास्केटबॉल' नावाचा गेम काढला. तो केला तोमोहिरो निशिकादो यांनी. 'स्पेस इन्व्हेडर्स' त्यांचाच. तोवर पडद्यावर बहुतेक काठ्या आणि ठिपकेच असत, इथे माणसासारख्या आकृत्या दिसल्या. १९८३ मध्ये ज्युलियस अर्व्हिंग आणि लॅरी बर्ड या दोन खऱ्या खेळाडूंचा एकास एक सामना घरच्या संगणकावर आला. त्यात खेळाडू दमत असे. आणि गंमत बघा, जोरात डंक मारून फलक फुटला की एक शिपाईमामा झाडू घेऊन येत आणि कुरकुरत काचा गोळा करत! १८९१ साली टोपल्या देणारेही तेच आणि काचा झाडणारेही तेच, मला तर भरून आलं.

१९९३ मध्ये 'एनबीए जॅम' आला आणि सगळं सुटसुटीत झालं. दोघांविरुद्ध दोघे, फाउल जवळजवळ नाहीतच. एकाने सलग तीन बास्केट केल्या की चेंडू पेटतो! सहज करमणुकीच्या बास्केटबॉल गेमचा हाच मोठा वाटाड्या. त्यात एक सोय होती. मागे पडलेल्याला यंत्र हळूच हात देई. कर्ते मार्क टर्मेल डेट्रॉइटच्या संघाचे चाहते. शिकागोचा संघ डेट्रॉइटशी खेळताना शेवटच्या क्षणी चेंडू टाकील तर तो हुकावा, अशी व्यवस्था आपण केली होती, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं.

यावर घरात वाद झाला. नातवाचं म्हणणं, "आजी, ही चीटिंग आहे." माझा मुलगा म्हणाला, "मग ग्रेस मार्क काय असतात?" मला दोघांत फरक वाटतो. ग्रेस मार्कांचा नियम छापलेला असतो, सगळ्यांना सारखा असतो. शिकागोवाल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून ती लबाडी. पण मागे पडलेल्याला मदत, आणि तीही सांगून-सवरून, यात मला गैर काही दिसत नाही. पंचाहत्तरीकडे झुकलेला हात आणि दहा वर्षांचा हात एका खेळात टिकायचे तर एवढं हवंच. सराव करताना मात्र ती मदत बंद ठेवावी, नाहीतर आपली प्रगती किती आणि यंत्राची कृपा किती हे कळत नाही.

सरावाचं म्हणाल तर नेस्मिथचाच धडा उपयोगी पडला. बास्केटच्या कडीचा व्यास साधारण ४६ सेंटिमीटर, चेंडूचा २४. चेंडू सरळ वरून आला तर त्याला अख्खी कडी मोकळी. ४५ अंशांत आला तर सुमारे ३२ सेंटिमीटरची वाट. ३० अंशांत जेमतेम २३, म्हणजे कडीला न घासता तो आत जाणारच नाही! बोटाने चेंडू भिरकावायच्या गेममध्येही उंच कमान म्हणूनच चालते. बोट झटकायचं नाही, रांगोळीची रेघ ओढावी तसं एका लयीत वर न्यायचं. डोळे बोटावर नव्हे, कडीवर. बटणाच्या गेममध्ये खेळाडू उडीच्या टोकाला पोचला की बटण सोडायचं. पळण्याची जादा ताकद सुरुवातीलाच उधळायची नाही. आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबायचं, कारण दमलेल्या हाताला वाईट सवयी लागतात. पूर्वी माझे दहात तीन चेंडू पडत, आता सहा-सात पडतात.

"मुलांनी मैदानावर जावं, तुम्हीच टॅब काय देता?" असं आमच्या वन्सं म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे, पडद्यावर पायांना काही काम नसतं. पण मे महिन्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरात दुपारी बाहेर पडून दाखवावं! तिकडे बर्फ होता, इकडे ऊन आहे. घरात कोंडलेल्या मुलांसाठीच एका शिक्षकाने हा खेळ शोधला होता, आणि ताकदवानाचं फार चालणार नाही अशीच त्याची रचना केली होती. म्हणूनच तर आजी आणि नातू त्यात समोरासमोर बसू शकतात. ऊन उतरलं की नातू खरा चेंडू घेऊन बाहेर पळतो. तिथे मी फक्त कमान उंच ठेव एवढंच ओरडून सांगते.