पलटणीत गेलेला पणजोबा शोधताना

आपण वसईत बसलो आहोत, तेव्हा सुरुवात किल्ल्यापासूनच करू. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून वसई घेतली. सरदारांची नावं आपल्याला पाठ असतात. तटाखाली पडलेला शिपाई मात्र आकड्यात जमा होतो.

तुम्ही म्हणाल, ती जुनी गोष्ट झाली. इंग्रजांच्या काळात कागद नीट ठेवले असतील. ठेवले, पण तिथंही एक मेख आहे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, लढल्या. कुतच्या वेढ्यात त्या अडकल्या. जवळजवळ पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. पुढं कैदेतही कितीतरी जण गेले. १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. गोऱ्या शिपायाला नाव, आपल्याला आकडा! युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ च्या अहवालात ही असमानता मान्य केली आणि माफी मागितली.

मग शोधायचं कसं? दगडावर नसलेली पुष्कळ नावं कमिशनच्या नोंदींत आहेत, आणि त्या घरबसल्या ऑनलाइन पाहता येतात. नशीब असेल तर बापाचं नाव आणि गावही मिळतं. पण ‘पालघर’ जिल्हा शोधत बसू नका, तो १ ऑगस्ट २०१४ चा. तेव्हा जिल्हा ठाणे. इंग्रजीत वसईचं ‘बॅसीन’ आणि ठाण्याचं ‘ठाना’ लिहीत. आडनाव कधी गाळलेलं, कधी कानाला आलं तसं लिहिलेलं. एक सावंत, स्पेलिंगं चार!

म्हणून आधी घरची पेटी उघडा. युद्धपदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. तिथं नंबर, हुद्दा, नाव, पलटण बारीक कोरलेली असते. नावाचे घोळ होतात, पण नंबर आणि पलटण जुळली की माणूस सापडतो. ब्राँझची वीतभराहून लहान गोल चकती असेल तर ती मृताच्या घरी पाठवलेली. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज विचारा, उद्यावर टाकू नका.

दुसऱ्या महायुद्धात चित्र बदललेलं दिसतं. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

तुमचा पणजोबा शूर होता की पोटासाठी भरती झाला, हे नोंद सांगणार नाही. पण ‘बसऱ्याला गेला, परत आला नाही’ एवढ्यावर थांबलेल्या गोष्टीला नाव, पलटण आणि तारीख मिळेल. त्या आकड्यातून एक माणूस घरी येईल.