बारा मुलांची शाळा : मुंबईच्या किल्ल्यापासून देवळाली कॅम्पपर्यंत

१/
देवळाली कॅम्प म्हटले की इतिहासप्रेमींना एक इंग्रजी शब्द आठवतो : ‘डुलाली’. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत महिनोन्‌महिने अडकलेले गोरे सैनिक वैतागून भ्रमिष्टासारखे वागू लागत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. याच देवळालीत मात्र एक अशी संस्था उभी आहे, जिची मुळे छावणीहून सुमारे दीड शतक जुनी आहेत. ही तिची कथा.

२/
संस्थेचे नाव बार्न्स स्कूल. देवळालीत ती १९२५ साली आली. तिचा वंश मात्र मुंबईच्या किल्ल्यातील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीपर्यंत, म्हणजे १७१८ च्या सुमारापर्यंत जातो. आपल्या चार भिंतींबाहेर काय करायचे, ते कोणासाठी करायचे आणि त्यात प्रत्येक सभासदाचा हात कसा लावायचा, हे प्रश्न त्या मंडळीपुढे होते. त्यांची उत्तरे शोधताना जे घडले, त्याचा एक धागा थेट मराठी पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचतो.

३/
प्रारंभ अपयशाने झाला. मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. गव्हर्नर जेराल्ड आँजिअर यांनी इंग्रजांसाठी मोठे चर्च बांधण्याचा संकल्प केला आणि १६७६ च्या सुमारास पाया घातला. भिंती सुमारे पंधरा फूट चढल्या. पुढच्याच वर्षी आँजिअर सुरतेस वारले आणि काम थांबले, ते जवळजवळ चाळीस वर्षे.

४/
गोळा झालेल्या निधीचे काय झाले? कंपनीचे नंतरचे अधिकारी सर जॉन चाइल्ड यांनी तो गिळंकृत केला, असा उघड आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन या समकालीन दर्यावर्दीने आपल्या प्रवासग्रंथात केला. आरोप खरा असो वा नसो, एवढे खरे की पैसा जमला होता आणि इमारत उभी राहिली नाही. संकल्प एका माणसाचा होता. तो माणूस गेला, तेव्हा त्या अर्धवट भिंतींना कोणी वाली उरला नाही.

५/
१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हे तरुण धर्मोपदेशक मुंबईत आले. तेव्हा उपासना किल्ल्यातील एका खोलीत होत असे. बेटावर पोर्तुगीजांची चर्चे होती, देवळे होती, मशिदी होत्या. राज्यकर्त्या इंग्रजांचे मात्र स्वतःचे उपासनास्थान नव्हते. किल्ल्यात वावरताना त्या पडीक भिंती रोज दृष्टीस पडत.

६/
जून १७१५ मधील एका रविवारी कॉब यांनी प्रवचनाचा विषयच तो घेतला. उपासना संपल्यावर गव्हर्नर विल्यम एस्लाबी यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. गव्हर्नरांनी सुचवलेला मार्ग साधा होता. वर्गणीची वही घालावी आणि कोण किती देतो ते पाहावे. पहिला आकडा त्यांनी स्वतःचा घातला.

७/
आँजिअरच्या योजनेत आणि या योजनेत फरक पडला तो या वहीमुळे. नावापुढे आकडा, आणि तो सर्वांना दिसेल असा. वही मुंबईपुरती राहिली नाही, कंपनीच्या इतर वखारींतील इंग्रजांकडेही मागणी गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्याने पायाभरणी झाली. चर्च आता एका गव्हर्नराचे स्वप्न राहिले नव्हते. वहीत नाव असलेल्या प्रत्येकाचा त्यात वाटा होता.

८/
२५ डिसेंबर १७१८, नाताळ. गव्हर्नर चार्ल्स बून लवाजम्यासह आले आणि सेंट थॉमस चर्च उघडले. फोर्ट भागात ते आजही उभे आहे. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून त्याकडे वाट जाई, तो ‘चर्च गेट’. लोकलच्या स्थानकाचे नाव तेथूनच आले.

९/
त्या दिवसाचा एक तपशील कॉब यांनी आपल्या वृत्तांतात नोंदवला आहे. रामा कामती हे मुंबईतील बडे हिंदू व्यापारी आणि स्थानिक शिपायांचे प्रमुख आपल्या लोकांसह आले आणि संपूर्ण उपासना होईपर्यंत बाहेर उभे राहून पाहत होते. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांच्या नावावर सांगितला जातो, ते हेच रामा कामती.

१०/
या प्रसंगाला कटू उत्तरार्ध आहे. दीड-दोन वर्षांतच, १७२० मध्ये, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून बून यांच्याच सरकारने रामा कामतींना कैद केले. ज्या पत्रांवर आरोप टिकला ती बनावट असल्याचे पुढे निष्पन्न झाले, पण तोवर कामती कैदेतच मरण पावले होते. चर्चच्या दाराशी झालेले स्वागत दाराबाहेर किती टिकते, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून या मंडळीच्या पाठीस लागला.

११/
आता शाळेकडे. इमारत पुरी होताच कॉब यांनी पुढचे काम हाती घेतले. बारा गरीब मुले, एक शिक्षक. राहणे, जेवण, कपडे आणि शिक्षण, सर्व मोफत. कल्पना इंग्लंडमधून आलेली होती. १६९८ नंतर तेथे गावोगावच्या चर्चमंडळ्यांनी वर्गणीवर चालणाऱ्या धर्मादाय शाळा काढल्या होत्या. कॉब यांनी तोच नमुना मुंबईत आणला.

१२/
ही मुले कोणाची? मुख्यतः कंपनीच्या सैनिकांची आणि खलाशांची. बाप तापाने, दारूने वा लढाईत गेलेला, आई बहुधा याच भूमीतली. कंपनीला सैनिक हवा होता, त्याच्या पोराची जबाबदारी नको होती. मंडळीने नेमकी तीच उचलली. कॉब स्वतः फार काळ राहिले नाहीत. कौन्सिलशी बिनसले आणि ते मायदेशी परतले. शाळा मात्र चालू राहिली. आँजिअर गेल्यावर भिंती थांबल्या होत्या, कॉब गेल्यावर शाळा थांबली नाही.

१३/
पण ती वाढलीही नाही. पुढे जवळजवळ शतकभर ती लहानच राहिली, तर मुंबई अनेक पटींनी वाढली. १८१४ मध्ये जॉर्ज बार्न्स मुंबईचे पहिले आर्चडीकन म्हणून आले. शेकडो मुले शिक्षणाविना फिरताना त्यांना दिसली. २९ जानेवारी १८१५ रोजी त्यांनी निधीसाठी जाहीर आवाहन केले आणि त्यातून बॉम्बे एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. जुनी धर्मादाय शाळा तिच्यात सामावली.

१४/
येथे योजनेचे स्वरूप पालटले. कॉब यांची वही एकदाच फिरली होती. इमारत झाली की तिचे काम संपले. सोसायटीला नियमित वर्गणीदार, कार्यकारी समिती आणि प्रसिद्ध होणारे अहवाल होते. देणाऱ्याला आपला पैसा कोठे गेला ते वाचता येऊ लागले. चाइल्ड यांच्यावरील जुना आरोप आठवला, तर या अहवालांचे मोल कळते.

१५/
शिकवण्याची पद्धतही सहभागाचीच होती. मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी एक प्रयोग केला होता. देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात, हे पाहून त्यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेणे सुरू केले. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतही हुशार पोर इतरांकडून पाठ म्हणवून घेत असे. ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडात गाजली आणि तेथून फिरून मुंबईत आली. शिक्षक थोडे आणि मुले फार, या अडचणीवर तो उपाय होता.

१६/
मग तोच जुना प्रश्न पुढे आला : ही शाळा कोणासाठी? सोसायटीचा मूळ हेतू गरीब युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांना अँग्लिकन ख्रिस्ती वळणाने वाढवणे हा होता. पण एतद्देशीय मुलेही शिकू इच्छित होती. त्यांच्यासाठी शाळा निघाल्या, आणि १८२० मध्ये या कामासाठी व देशी भाषांतील पुस्तकांसाठी वेगळी समिती नेमली गेली.

१७/
अडचण उघड होती. चर्चमधून जन्मलेल्या संस्थेत हिंदू वा पारशी पालकाने मुलाला निर्धास्तपणे कसे पाठवावे? पेशवाई नुकतीच बुडाली होती. शिक्षणात धर्मप्रसार मिसळला तर लोक शाळेलाच पाठ फिरवतील, ही भीती गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी आपल्या लेखी टिपणांत मांडली होती. १८२२ मध्ये ती समिती मूळ सोसायटीपासून विभक्त झाली. एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष झाले. १८२७ पासून ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

१८/
मराठी भाषेच्या दृष्टीने हे विभाजन फार मोलाचे ठरले. या नव्या सोसायटीत सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे नेटिव्ह सेक्रेटरी होते. ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही त्यांची पुस्तके १८२८ ची. १८२९ मध्ये पंडितांच्या परिश्रमातून ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ छापून निघू लागला. बाळशास्त्री जांभेकर याच सोसायटीच्या शाळेत शिकले आणि पुढे तिचेच नेटिव्ह सेक्रेटरी झाले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले.

१९/
ही सगळी पुण्याई चर्चच्या खात्यावर मांडणे चूक ठरेल. शास्त्री-पंडितांची विद्वत्ता, मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या देणग्या आणि सरकारची गरज यांनी ती संस्था उभी केली. शिवाय ती फोफावली तीच मुळी चर्चपासून वेगळी झाल्यावर. मूळ मंडळीचे श्रेय वेगळे आहे. हे काम आपल्या चौकटीत मावणार नाही हे दिसताच तिने ते अडवून धरले नाही.

२०/
मूळ सोसायटी आपल्या वाटेने चालत राहिली. १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईत आले असता त्यांच्या हस्ते भायखळ्यास तिच्या मध्यवर्ती शाळांची कोनशिला बसली. तेव्हाचे भायखळा म्हणजे बागा आणि मोकळी हवा. शतक संपता संपता तेथे गिरण्यांची धुराडी उभी राहिली, वस्ती दाटली, १८९६ मध्ये प्लेग आला. निवासी मुलांसाठी नवी जागा शोधणे भाग पडले.

२१/
ती जागा देवळालीत मिळाली. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंची, कोरडी हवा, रेल्वेचे स्थानक आणि १८६१ पासूनची लष्करी छावणी. नोव्हेंबर १९२३ मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी कोनशिला बसवली आणि जानेवारी १९२५ मध्ये शाळा उघडली. नाव बार्न्स यांचे दिले गेले. त्यांच्या आवाहनाला त्याच महिन्यात ११० वर्षे पूर्ण होत होती.

२२/
सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी निघालेली शाळा दोनशे वर्षांनी सैनिकांच्याच गावी आली, हा योगायोग लक्षणीय आहे. छावणीतले गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत होते, त्यांना परतायला देश होता. शाळेतल्या अनेक मुलांना तसा देश नव्हता. इंग्रज त्यांना आपले मानत नसत आणि हिंदी समाजही जवळ करत नसे. त्यांच्यासाठी देवळालीच घर होते.

२३/
स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड व ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. ज्या समाजासाठी शाळा काढली तोच पांगला, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला : आता कोणासाठी? या वेळी उत्तरासाठी वेगळी संस्था काढावी लागली नाही. दरवाजे सर्व समाजांच्या मुलांना खुले झाले. १८२२ मध्ये जे एका छताखाली जमले नव्हते, ते देवळालीत जमले.

२४/
आज जगभरच्या चर्चमंडळ्या वर्षारंभी बसून उद्दिष्टे ठरवतात : बाहेरच्या समाजापर्यंत कसे पोहोचायचे, किती सभासद कामाला लागतील, हिशेब कोण पाहील. देवळालीच्या शाळेमागचा इतिहास याच प्रश्नांचा आहे. आँजिअर यांच्याकडे भव्य आराखडा होता, कॉब यांच्याकडे वर्गणीची वही आणि बारा मुले. बार्न्स यांनी त्या बारांचे शेकडो केले, आणि एल्फिन्स्टन यांच्या काळात त्या कामाचा एक भाग मंडळीच्या हातून सुटून सर्वांचा झाला.

२५/
नाशिकहून देवळाली कॅम्पला जाणे झाले, तर ‘डुलाली’ची गंमत जरूर आठवावी. त्याबरोबर त्या बारा मुलांचीही आठवण ठेवावी. त्यांची शाळा किल्ल्यातून भायखळ्यास आणि भायखळ्याहून घाट चढून देवळालीस आली. तिचे वर्ग आजही भरतात.